राहून गेलेली पंधरा मिनिटं

सिनेमा पूर्ण न पाहता त्याच्यावर छातीठोक मत देणारे लोक तुमच्या ऑफिसात असतीलच. मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. गेल्या दिवाळीत कळलं, की मी स्वतः त्यातलाच एक आहे. तेही एक-दोन दिवस नाही, चांगली वीस वर्षं.

सिनेमा कोणता? 'द बॉर्न सुप्रिमसी'. २००४ चा, मॅट डेमनचा, पॉल ग्रीनग्रासने दिग्दर्शित केलेला. हेरगिरीचाच, पण यातला हेर सूट घालून पार्टीत मिरवणारा नाही. साधं जॅकेट, उतरलेला चेहरा, आणि स्वतःचा भूतकाळ धड आठवत नाही अशी पंचाईत. हाती पिस्तूल नसेल तर मासिकाची गुंडाळी करून मारामारी करतो आणि तेच मासिक टोस्टरमध्ये खुपसून घर उडवतो. म्हणजे तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातला जेम्स बाँडच. रॉबर्ट लुडलमच्या कादंबरीचं फक्त नाव घेतलंय, गोष्ट जवळपास सगळी वेगळी. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सिनेमा सुरू होतो गोव्यात.

मी तो पाहिला मे २००५ मध्ये, त्रिमूर्तीनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर. आम्ही तिघं भाडेकरू, एक बँकवाला मित्र कायमचा पाहुणा, आणि पुण्याच्या कॉल सेंटरमधून सुट्टीवर आलेली एक मैत्रीण. एकवीस इंची टीव्ही, चायनीज डीव्हीडी प्लेअर आणि कूलर. नागपूरच्या मे महिन्यात घरी सिनेमा पाहायचा तर आधी कूलरशी तह करावा लागतो. चालू ठेवला तर डायलॉग ऐकू येत नाही, बंद केला तर माणूस शिजतो. आम्ही कूलर चालू ठेवला आणि सबटायटल लावली.

या सबटायटलबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. आमच्यातले चौघं मराठी मीडियमचे. इंग्लिश सिनेमा टॉकीजमध्ये पाहायचा म्हणजे आम्ही काय करायचो, माहितीय? बाजूचा हसला की हसायचो. बाहेर आल्यावर कोणी विचारलं, कसा होता, तर "मस्त होता बे, फायटिंग जबरदस्त." कारण फायटिंगला भाषा लागत नाही. डीव्हीडी आली, खाली इंग्रजी अक्षरं उमटायला लागली, हातात रिमोट आला, आणि आम्हाला पहिल्यांदा इंग्लिश सिनेमाबद्दल मत असायला लागलं. नाही समजलं तर मागे घ्या, पुन्हा वाचा. टॉकीजमध्ये पडदा तुमच्यासाठी थांबत नाही. घरी तो थांबतो, आणि पडदा थांबला की नागपुरी माणूस सुरू होतो.

आमचं पहिलं पॉज चौथ्या-पाचव्या मिनिटाला झालं. गोव्याचा किनारा दिसला आणि औषध कंपनीचा एम.आर. असलेला रूम पार्टनर उठून बसला. तो दोनदा गोव्याला जाऊन आला होता, म्हणजे आमच्यात तोच गोव्याचा सर्वेसर्वा.

"थांब थांब, मागे घे! हा पूल पाहिला आहे मी."

मागे घेतलं. पूल पाहिला. पुन्हा मागे घेतलं. त्याला पुलाचं नाव आठवेना, पण पाहिला आहे म्हणजे पाहिला आहे. मग त्याची तक्रार सुरू झाली. हा गडी बीचवर होता, दोन मिनिटांत बाजारात कसा पोचला? तिथून इकडे रस्ता येतच नाही! जेसन बॉर्नच्या मागावर रशियन मारेकरी आहे, मैत्रीण बाजूला बसली आहे, जीव मुठीत धरून जीप पळून राहिली आहे, आणि आमचा एम.आर. विचारतो आहे की याने डावीकडे काऊन वळवली. तो मारेकरी ह्युंदाई चालवतो, याचाही त्याला राग आला. "मारायला आला आहे ना बे? मग चांगली गाडी घेऊन ये ना."

पुढे काय होतं, ते बॉर्नवाल्यांना पाठ असेल. मागावर आहे तो नक्की कोण, यावर दोघांत वाद चाललेला. बॉर्न स्टिअरिंग मारीच्या हाती देतो. मारेकरी दुरून नेम धरतो ड्रायव्हरवर, त्याला वाटतं बॉर्नच चालवतो आहे. गोळी मारीला लागते, जीप पुलावरून खाली पाण्यात. पाण्याखाली तो तिला श्वास द्यायचा प्रयत्न करतो आणि मग सोडून देतो.

खोलीत दोन सेकंद फक्त कूलरचा आवाज. मग आमची कॉल सेंटरवाली म्हणाली, "बंद करा. हिरोइनला पंधराव्या मिनिटाला मारतात का कोणी?" तिचं म्हणणं होतं की पहिल्या सिनेमात या दोघांची जोडी जमवण्यात दोन तास घातले, ते काय असे पाण्यात घालवायला? तिने पुढचा सिनेमा पाहिला, पण रागाने, पाय आपटत पाहतात तसा. मला तेव्हा ते बायकी मत वाटलं होतं. आज तसं म्हणायची माझी छाती नाही.

बँकवाल्याचा प्रश्न वेगळाच. बॉर्नकडे इतके पासपोर्ट आणि इतक्या देशांच्या नोटा पाहून तो अस्वस्थ. त्या काळात त्याच्या ब्रँचमध्ये केवायसीचे नवे फॉर्म येऊन पडले होते आणि पेन्शनरांच्या शिव्या खाऊन तो हैराण होता. "आमच्या इथं आजोबांना दोन फोटो मागितले तर मॅनेजरकडे तक्रार करतात. आणि याचं केवायसी कोणी केलं, सांग!"

तिसऱ्याचं मत कॅमेऱ्याबद्दल. "कॅमेरामनले मलेरिया झाला होता का?" आम्ही हसलो, पण हा आक्षेप एकट्या त्रिमूर्तीनगरचा नव्हता. या सिनेमाच्या हलत्या कॅमेऱ्यावरून जगभरच्या प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना थिएटरात अक्षरशः गरगरलं. काही म्हणाले, मारामारी अशीच दिसते, तुम्ही तिथे उभे असाल तर. ग्रीनग्रास डॉक्युमेंटरीच्या वळणाचा माणूस. त्याआधी त्याने 'ब्लडी संडे' केला होता, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात १९७२ साली ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर केलेल्या गोळीबारावर, बातमीच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखा. तोच हात त्याने हेरपटाला लावला. गंमत म्हणजे हा झटका एकवीस इंचात निम्माच उरतो. टॉकीजमध्ये ज्याने मान दुखते, ते घरी फक्त घाईचं वाटतं. तेव्हा या सिनेमाबद्दल कोणी मत दिलं तर आधी विचारावं, कितीच्या पडद्यावर पाहिला?

तर असं करत, थांबत, भांडत, मध्ये शेव-चिवडा संपवत आम्ही मॉस्कोपर्यंत आलो. बॉर्न पिवळी टॅक्सी पळवतो, मागे तो मारेकरी काळ्या मर्सिडीजमध्ये, बोगद्यात ठोकाठोकी. या पाठलागात कोणी पॉज मागितला नाही. एम.आर.लाही मॉस्कोचे रस्ते माहीत नव्हते. मर्सिडीज खांबावर आदळते, बॉर्न पिस्तूल रोखतो, आणि न मारताच लंगडत निघून जातो.

आणि लाइट गेली.

बाहेर धडाम आवाज आला होता, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. म्हणजे आता सकाळच. आम्ही गाद्या उचलून गच्चीवर गेलो आणि अंधारात निकाल लावला. मारीच्या खुनाचा बदला घ्यायला निघाला होता, मारणारा सापडला, विषय संपला. एम.आर.ने पाचपैकी तीन दिले, गोव्याचा एक कापून. मी म्हणालो, पहिला पार्ट भारी होता, हा नुसती पळापळ. सगळे हो म्हणाले. तेच मत मी पुढे पुण्यात, मुंबईत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिथे बॉर्न निघाला तिथे ऐकवत राहिलो. २००७ मध्ये 'बॉर्न अल्टिमेटम' आला, त्याला एडिटिंग आणि साउंडची मिळून तीन ऑस्कर मिळाली, आणि मला तो अर्धा समजलाच नाही. त्यात न्यूयॉर्कमधला एक फोनकॉल आहे, तो 'सुप्रिमसी'च्या शेवटाशी जोडलेला. मला वाटलं, लेखकानेच घोळ घातला आहे.

आता जरा अवघड जागी येतो. ती डीव्हीडी माझी नव्हती. गोकुळपेठेतल्या एका लायब्ररीची होती. छोटा गाळा, छतापर्यंत रॅक, आणि मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, फक्त ओरिजिनल डिस्क ठेवायचे. बर्डीच्या फुटपाथवर तोच सिनेमा पन्नास रुपयांत मिळायचा, त्यात पडद्यासमोरून उठून जाणारा माणूसही दिसायचा. भाऊंकडे तसलं नाही. ओरिजिनल त्यांना पाचशेला पडायची, दिवसाचं भाडं तीस. म्हणजे सतरा लोकांनी नेली तर पैसे वसूल.

मी ठरवलं होतं की शेवट पाहून परत करतो. दुसऱ्या दिवशी वेळ झाला नाही. तिसऱ्या दिवशी प्लेअर मित्राने नेला. आठवडा झाला, लेट फी दोनशेच्या वर गेली, आणि पगार तेव्हा होता सात हजार. मग मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं. मग पुण्याची नोकरी लागली. डिस्क एका खोक्यात गेली, खोकं आईकडे माळ्यावर.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं खाली आलं. मी नागपुरात परतूनही आता सहा-सात वर्षं झाली. डिस्कवर पांढरा स्टिकर, त्यावर निळ्या पेनाने नंबर. बाबांनी पाहिली. बाबांकडे अजून एक प्लेअर जिवंत आहे. ट्रे अडकतो, तो हेअरपिनने ओढावा लागतो. जुन्या सिनेमांच्या व्हीसीडी पाहतात ते.

"कसला आहे?"

"हेरगिरीचा."

"लाव."

बाबा तार ऑफिसात होते. रिटायर झाले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १४ जुलै २०१३ ला, तार सेवाच बंद झाली. त्या दिवशी ते काही बोलले नव्हते, फक्त पेपर दोनदा वाचला. आयुष्यभर लोकांच्या घरातल्या मरणाच्या बातम्या त्यांना घरच्यांच्या आधी कळल्या आणि त्यांनी एकही आमच्या जेवणाच्या ताटावर आणली नाही. गल्लीतल्या कोणाची तार आली, हे आईलासुद्धा तार पोचल्यावरच कळायचं. हेरपटांची मात्र त्यांना पहिल्यापासून आवड. त्यांच्या तरुणपणी 'फर्ज' होता, १९६७ चा, जितेंद्र त्यात एजंट ११६. पुढच्या वर्षी रामानंद सागरांचा 'आंखें', धर्मेंद्रचा. त्या सिनेमांतले हेर काम कमी आणि नाच जास्त करायचे, असं त्यांचं मत, पण आवडीने पाहिलेले.

सिनेमा सुरू झाला. गोवा आला, पूल आला, मारी गेली. आई वाती वळत बसली होती. "संपला माझ्यापुरता," म्हणाली आणि आत गेली. वीस वर्षांनी, दुसऱ्या घरात, तेच मत. मला त्रिमूर्तीनगरची ती रात्र आठवली. मी नाही, पण कॉल सेंटरवाली बरोबर पाहत होती. ती आणि आई दोघींनी ओळखलं होतं की या माणसाकडे आता घर उरलं नाही, आणि पुढची पळापळ मी जशी पाहिली तशी पाहायची नाहीये.

बाबा गप्प. त्यांनी एकदाही पॉज मागितला नाही. बर्लिनमधला एक प्रसंग आहे. बॉर्न सीआयएच्या पामेला लँडीला फोन करतो, अमुक मुलीला माझ्याकडे पाठवा म्हणतो. ती म्हणते, तिला शोधायला वेळ लागेल. तो म्हणतो, ती तर तुमच्या बाजूलाच उभी आहे. समोरच्या इमारतीवरून दुर्बिणीतून पाहत असतो. बाबा खळखळून हसले. "हा लायनीवरचा माणूस आहे," म्हणाले. ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी.

मग मॉस्को, टॅक्सी, बोगदा, खांब. माझ्या हिशेबाने सिनेमा संपला होता, आणि मी चहा ठेवायला उठलो. आणि पडद्यावर एक मुलगी आली, जिला मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती नेस्कीची मुलगी. सगळ्या सिनेमाभर बॉर्नला तुकड्या-तुकड्यांत काहीतरी आठवत असतं, बर्लिनचं एक हॉटेल, एक खोली, एक बाई जी तिथे असायला नको होती. त्याची ती पहिली कामगिरी. नेस्की नावाच्या रशियन पुढाऱ्याला त्याने मारलं, त्याची बायकोही अचानक समोर आली म्हणून तिलाही, आणि देखावा असा केला की बायकोने नवऱ्याला मारून स्वतःला संपवलं. मुलगी तेच खरं मानून मोठी झाली. तिच्या आईने तिच्या बापाला मारलं, असं. बॉर्न जखमी होऊन, अर्ध्या युरोपचे पोलीस मागे लावून मॉस्कोला येतो, तो कोणाला मारायला नाही. या मुलीच्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसून तिला सांगायला, की तुझ्या आईने काही केलं नाही. मी केलं. मग सॉरी म्हणतो आणि बर्फातून लंगडत जातो. ती माफ करत नाही. तो तशी अपेक्षा पण करत नाही. त्यानंतर तो न्यूयॉर्कचा फोन, ज्यात लँडी त्याला त्याचं खरं नाव सांगते. ही शेवटची गोष्ट तर सिनेमा प्रदर्शित व्हायच्या दोन आठवडे आधी नव्याने चित्रित केली होती, मूळ शेवट पटला नाही म्हणून.

म्हणजे आम्ही पाच जणांनी गच्चीवर ज्याला सूडाचा सिनेमा म्हणून तीन मार्क दिले, तो सूडाचा सिनेमाच नव्हता. मारेकऱ्याला बोगद्यात सोडून दिलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं, कारण आम्हाला घाई होती, ट्रान्सफॉर्मर उडाला होता आणि मत द्यायचं होतं.

चहा ऊतू गेला. बाबा म्हणाले, "चांगला आहे. फोनवर सांगू शकला असता. सगळ्यांना फोन करून राहिला होता ना इतका वेळ. पण हिच्याकडे स्वतः गेला." थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही फक्त पोचवायचो."

मग प्लेअरमधून डिस्क काढताना त्यांना स्टिकर दिसला.

"ही कोणाची आहे रे?"

सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, टीम लीड, खाली बारा पोरं, आणि बापासमोर उभा राहून लेट फीचा हिशेब सांगतो आहे. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी डिस्क कव्हरमध्ये घातली आणि दाराजवळ, माझ्या स्कूटरच्या किल्लीखाली ठेवली. ती तिथे चार दिवस होती. मी रोज किल्ली उचलायचो आणि डिस्क तशीच ठेवायचो. पाचव्या दिवशी उचलली.

मला खात्री होती की गाळा नसेल. आता कोण डीव्हीडी नेतं? २००७ साली मोजर बेअरने हिंदी सिनेमांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हाच तीस रुपये भाड्याचं गणित कोलमडलं असणार. मग डाउनलोड, मग मोबाईल. पण गाळा होता. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. आणि आत, केस पांढरे झालेले, चष्मा कपाळावर, भाऊ.

मी डिस्क काउंटरवर ठेवली. त्यांनी आधी स्टिकर पाहिला, मग मला. ओळखलं नाही. मी सांगितलं, २००५ मध्ये नेली होती, परत केली नाही, चूक झाली. जितकं घरून ठरवून गेलो होतो त्याच्या निम्मंच बोललो, कारण मागे आधार कार्डवाले तिघं उभे होते.

भाऊंनी डिस्क उजेडात धरून तिरकी केली. जुनी सवय. "स्क्रॅच नाही," म्हणाले. मग, "डिपॉझिट तीनशे होतं तुमचं. डिस्क पाचशेची. दोनशे द्या. लेट फी जाऊ द्या, नाहीतर तुम्हाला घर विकावं लागेल."

मी पाचशे काढले. त्यांनी तीनशे परत केले, मोजून.

"हा गोव्याचा ना?" त्यांनी विचारलं. "सुरुवातीलाच बायको मरते तो?"

मी म्हणालो, हो, पाहिलाय तुम्ही?

"पंधरा मिनिटं. नवीन डिस्क आली की मी पहिली पंधरा मिनिटं लावून पाहायचो, चालते की नाही. तेवढाच वेळ मिळायचा दुकानात. सगळे सिनेमे तसेच पाहिले मी." झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून त्यांनी पहिलं आधार कार्ड उलटं ठेवलं. "चांगली होती ती पोरगी. पुढं काय होते मग?"

मी स्टूल ओढलं आणि नेपल्सपासून सुरुवात केली. बर्लिनला पोचेपर्यंत तिघांपैकी दोघांची कार्डं होऊन गेली होती. तिसरा मात्र कार्ड खिशात घालून तिथेच उभा होता.